चौऱ्यायशीं मैलांचा फेरा

नदींतून प्रवास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें भरलेलें पात्र, डौलानें चाललेली नौका आणि कांठावरील घाट व देवळें हीं उभीं राहतात. आम्हीं ज्या नदींतून आठ दिवस प्रवास केला तिच्या कांठीं देऊळ नाहीं, घाट नाहीं, वस्तीहि जवळजवळ नाहीं. आणि पाण्याची तर अशी कथा, कीं त्या आठांपैकीं निदान दीड दिवस आम्ही होडींत बसलों होतों असें म्हणण्यापेक्षां होडीच आमच्या खांद्यावर बसली होती असें म्हणणें सत्याला अधिक धरून होईल. तरीहि परत आल्यावर "अमेरिकेंत काय पाहिलें?" असें कोणीं विचारलें म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे आणि नायगाऱ्याचा धबधबा बाजूस राहून आमच्या तोंडीं प्रथम याच नदीचें नांव येतें. म्हणून तिची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

ही नदी म्हणजे सान हुआन. कोलोरॅडो राज्यांतील त्याच नांवाच्या बर्फाळ पर्वतांत ती उगम पावते, न्यू मेक्सिकोंतून मोठा वळसा घेते आणि युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील तांबड्या खडकांच्या मरुभूमींतून पश्चिमेकडे जाऊन कोलोरॅडो नदीस मिळते. एकंदर लांबी सुमारें ३८० मैल. ज्या भागांतून आम्ही गेलों तेथें वर्षांतून जेमतेम आठ इंच पाऊस पडतो. म्हणजे आपल्या माणदेशासहि त्यांनीं सुजल म्हणावें! नदींत जें पाणी दिसतें तें बहुतेक दूरच्या बर्फाचें, आणि त्यांतलेंहि किती खालीं येऊं द्यावयाचें हें पुष्कळ अंशीं १९६२ सालीं पुरें झालेलें नवाहो धरण ठरवितें. आम्ही गेलों तें २०१८ साल. त्या वर्षीं पर्वतांवर बर्फ फारच थोडें पडलें होतें. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही कांठावर जाऊन उभे राहिलों तेव्हां ज्या नदीसाठीं सात समुद्र ओलांडून आलों ती कित्येक ठिकाणीं घोट्याइतकी आहे असें पाहून आम्हांस हंसूं आलें. पुढें तें हंसूं राहिलें नाहीं ही गोष्ट वेगळी.

आमचे चिरंजीव तिकडे नोकरीनिमित्त दहा-बारा वर्षें आहेत. तेथें त्यांस होड्या वल्हविण्याचा नाद लागला. वास्तविक आमचें बालपण वाईस कृष्णेच्या कांठीं गेलें. पुरांत उड्या टाकून पैलतीर गांठणाऱ्यांपैकीं आम्ही एक. तेव्हां नदी म्हणजे काय हें मुलानें आम्हांस शिकवावें असा प्रसंग येईल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. घरच्या मंडळींस पोहतां येत नाहीं. चिरंजीवांनीं परवाना काढून सर्व सिद्धता केल्यावरच आम्हांस कळविलें, आणि आईस वेगळें पत्र लिहून वश करून घेतलें. या नदींत होडी घालण्यास सरकारी परवाना लागतो, व रोज किती मंडळींनीं निघावें याची संख्या ठरलेली असते. दक्षिण तट नवाहो लोकांच्या राष्ट्राचा, म्हणून त्या बाजूस मुक्काम करणें असेल तर त्यांची वेगळी अनुज्ञा घ्यावी लागते.

ब्लफ नांवाचें एक लहानसें गांव आहे. १८८० सालीं मॉर्मन पंथाच्या कुटुंबांनीं भयंकर हालअपेष्टा सोसून, कड्यांतून गाड्या दोरानें उतरवून तें वसविलें. त्याच्या जवळ सँड आयलंड या ठिकाणीं होड्या पाण्यांत सोडतात. तेथून क्ले हिल्स या शेवटच्या उतारापर्यंत सुमारें चौऱ्यायशीं मैल. आंकडा ऐकून सौ. म्हणाली, "चौऱ्यायशींचाच फेरा कां हो? जरा मागें-पुढें कांहीं मिळालें नाहीं?"

होड्या दोन होत्या. रबराच्या, हवा भरून फुगविलेल्या, मध्यें लोखंडी चौकट व तिला दोन लांब वल्हीं. पहिलींत चिरंजीव वल्हविणार आणि आम्ही उभयतां बसणार. दुसरी होडी सूनबाईंनीं वल्हविली. तींत त्यांचें एक मित्रदांपत्य व बहुतेक सामान होतें. सूनबाई वल्हीं हातीं घेऊन बसल्या तेव्हां आम्हीं चिरंजीवांकडे पाहिलें; त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. संध्याकाळपर्यंत आमच्या ध्यानांत आलें कीं, दोघांत अधिक सफाईनें कोण वल्हवितें हा प्रश्न विचारण्यासारखा नाहीं.

या नदीवर स्त्रियांचें नांव पहिल्यापासून जोडलेलें आहे असेंहि मागाहून कळलें. वाटेंत मेक्सिकन हॅट म्हणून खेडें लागतें, तेथें नॉर्मन नेव्हिल्स नांवाचा गृहस्थ राहत असे. १९३०-४० च्या दशकांत पैसे घेऊन प्रवाशांस या नदीनें नेण्याचा धंदा त्यानें सुरू केला. लग्नानंतर बायकोस नदींतून फिरवून आणण्याकरितां त्यानें जुन्या फळ्या ठोकून पहिली होडी केली असें सांगतात. १९३८ सालीं त्याच्याच होड्यांतून एल्झाडा क्लोव्हर व लॉइस जॉटर या दोघी वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रिया कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमधून पार गेल्या. तो सबंध मार्ग नदीनें आक्रमिलेल्या स्त्रिया त्यांपूर्वीं कोणास ठाऊक नाहींत. ही माहिती सूनबाईंनीं सासूबाईंस सांगितली, आणि ती आम्हांस ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें सांगितली.

पहिल्या दिवशीं विशेष श्रम नव्हते. कांठावर झाऊची दाट झाडी. होय, आपल्याच नदीकांठचा झाऊ! एकोणिसाव्या शतकांत बागांसाठीं व कांठ धरून ठेवण्यासाठीं जुन्या जगांतून नेलेलीं हीं झाडें तिकडे इतकीं माजलीं कीं, तीं खाऊन टाकण्याकरितां चालू शतकाच्या आरंभीं जुन्याच जगांतून एक भुंगेराहि मुद्दाम नेऊन सोडावा लागला. परदेशीं ओळखीचें माणूस भेटावें आणि तें तेथें चोर ठरलेलें असावें, तसा तो प्रकार वाटला.

चारेक मैलांवर उजव्या हातास खडकावर कोरलेलीं माणसांएवढीं चित्रें आहेत; रुंद खांदे, लोंबते हात, मस्तकावर मुकुटासारखें कांहीं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वींचीं म्हणतात. आणखी दोन मैलांवर कड्याच्या ओंझळीखालीं दगडमातीचीं घरें आहेत. भिंतींवरील गिलाव्यांत बोटांचे ठसे अजून दिसतात, आणि अंगणांत मक्याचीं बोटाएवढीं कणसें पडलेलीं आहेत. हीं घरें बांधणारे प्वेब्लो लोकांचे पूर्वज तेराव्या शतकाच्या अखेरीस हा सर्व प्रदेश सोडून दक्षिणेस गेले. लांबलेलें अवर्षण हें त्याचें एक कारण मानतात. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती १२९० सालीं. त्याच सुमारास इकडे हीं अंगणें ओस पडत होतीं. सौ. नें एक कणीस उचलून पाहिलें व जेथलें तेथें परत ठेवलें. तेथून कांहींहि नेणें हा गुन्हा आहे. पण तिनें तें गुन्ह्याच्या भयानें ठेवलें नाहीं, कोणाच्या तरी घरांतलें म्हणून ठेवलें.

तेथील नियमांविषयीं एक शब्द लिहिलाच पाहिजे, कारण आमच्यासारख्या सोंवळ्यांत वाढलेल्यांस त्यांनीं मोठ्या पेंचांत घातलें. चुलीची राख मागें ठेवावयाची नाहीं, ती डब्यांत भरून बरोबर न्यावयाची. शौच घट्ट झांकणाच्या पेटींत करावयाचें व ती पेटीहि शेवटपर्यंत होडीवरून न्यावयाची. येथवर ठीक. परंतु लघुशंका मात्र नदीच्या पात्रांतच करावी असा दंडक! कारण वाळूवर पाऊस नाहीं. कोरड्या कांठावर केलेलें कांहींच धुऊन जात नाहीं आणि मोजक्या मुक्कामांवर लोक तर नित्य उतरतात. आमच्या धर्मशास्त्रानें जें कटाक्षानें निषिद्ध मानलें तेंच येथें शिष्टाचार. पहिले दोन दिवस आम्हीं यावर चिरंजीवांशीं वाद घातला. तिसऱ्या दिवशीं नियमांचा हेतु शुचिताच आहे, केवळ देश बदलला आहे, असें म्हणून तो सोडून दिला. मनास तें पटलें असें मात्र अद्याप म्हणवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कोम्ब रिज नांवाची सुमारें ऐंशीं मैल लांबीची दगडी कंगव्यासारखी रांग फोडून नदी घळईंत शिरते, आणि तेथून पाणी वाचण्याची विद्या सुरू होते. वाचणें हाच शब्द तिकडे वापरतात. हें पाणी निवळ नव्हे. गाळानें इतकें दाट कीं चार बोटें खालचा हात दिसत नाहीं. तेव्हां तळ किती खोल आहे हें पृष्ठभागाच्या चेहऱ्यावरूनच ताडावें लागतें. वळणावर खोल धार बाहेरच्या कांठास चिकटून असते हें आम्हांस कृष्णेवरून माहीत होतें. पण एका वळणाहून दुसऱ्या वळणाकडे जातांना ती धार पात्र तिरपें ओलांडते, आणि तेवढ्यांत तिच्या चार धारा होऊन त्यांतील तीन वाळूंत विरतात, हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. प्रवाहाच्या दिशेनें टोंक असलेली गुळगुळीत जीभ दिसली तर ती वाट. टोंक उलट, आपल्याकडे असेल तर खालीं दगड. बारीक, घाईघाईनें थरथरणारें पाणी दिसलें कीं तेथें वीतभरहि खोली नाहीं असें समजावें. वाळूच्या दांड्याची खालची कड एकदम तुटलेली असते. घोटाभर पाण्यांतून पुढचें पाऊल टाकावें तों कंबरेइतक्या पाण्यांत पडावें. आणि हा सर्व विचार करावयास वेळ नसतो. कारण नदी उथळ असली तरी मंद नाहीं. मैलामागें तिचा उतार सुमारें आठ फुटांचा आहे. वल्हविणारा पुढें तोंड करून बसतो, आणि संकट समोर दिसलें कीं होडी तिरपी धरून मागें ओढतो. पुढें लोटण्यापेक्षां मागें ओढण्यांत माणसाची शक्ति अधिक लागते.

आमच्या हातून पहिला अपराध याच दिवशीं घडला. एका बेटाशीं नदी दोन झाली. चिरंजीव उजव्या धारेकडे वळत होते. डावी धार रुंद व शांत दिसली म्हणून आम्हीं उभे राहून मोठ्यानें, "डावीकडे, डावीकडे! अरे, एवढी सरळ वाट सोडून कोठें चाललास?" असें म्हटलें, आणि लहानपणापासून जो स्वर ऐकला त्याला अनुसरून त्यांचा हात क्षणभर चाचरला व होडी डावीकडे गेली. दोनशें हातांवर ती रुंद धार आरशासारखी पसरली आणि आम्ही वाळूवर बसलों. सूनबाई उजवीकडून, आमच्याकडे न पाहतां, खळखळत निघून गेल्या.

रुतलेली होडी काढण्याची रीत अशी: प्रथम सर्वांनीं एका कडेस बसून दुसरी कड हलकी करावी, नाहीं जमलें तर प्रवाहाच्या वरच्या अंगास उतरावें, खालच्या अंगास कधींहि नाहीं, कारण होडी सुटली तर अंगावर येते, मग टोंक धरून तिला चक्रासारखी फिरवीत न्यावी. आम्हीं तिला तासभर फिरविली. सामानासह तिचें वजन सात-आठ मण तरी असेल. चिरंजीव एक शब्दहि बोलले नाहींत. ते रागावले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं चांदणें होतें. भाद्रपदी पौर्णिमा नुकतीच झाली होती. घळईंत चंद्र दिसण्यापूर्वीं तासभर त्याचा प्रकाश समोरच्या कड्याच्या माथ्यावर उतरतो व तेथून थर थर करीत खालीं येतो. शेवटीं पाण्यास लागतो तेव्हां नदी प्रथमच भरलेली वाटते. आम्ही जागेच होतों. चिरंजीवहि जागे असावेत.

तिसऱ्या दिवशीं मेक्सिकन हॅट आलें. टोपी उलटी ठेवावी तसा एक प्रचंड खडक टेकडीच्या टोंकावर तोललेला आहे, त्यावरून हें नांव. येथें पूल आहे, दुकान आहे. यापुढें सत्तावन्न मैल होडी घेऊन बाहेर पडण्यास रस्ता नाहीं. माणशीं रोज एक गॅलन या हिशेबानें पांच-पांच गॅलनांचे सहा डबे आम्हीं पिण्याच्या पाण्यानें भरून घेतले. पाण्यावरून जावयाचें आणि पाणी बांधून न्यावयाचें!

पुढील प्रदेश गूजनेक्स, म्हणजे हंसाच्या मानांचा. नदी येथें इतकीं वेटोळीं घेते कीं, सहा मैल वाहून ती पश्चिमेस अवघी दीड मैल सरकते. आणि दोन्ही बाजूंस हजार फूट कडे. पंढरपुरास भीमेनें चंद्रकोरीसारखें वळण घेतलें म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हटलें. येथें एकीमागून एक अशा कित्येक चंद्रभागा खडकांत कोरलेल्या आहेत. सपाट मैदानांतून नागमोडी वाहणें हा संथ नदीचा स्वभाव. मग हजार फूट खोल दगडांत हीं वळणें आलीं कशीं? उत्तर असें देतात कीं, वळणें आधींचीं आहेत. नदी मैदानांतून स्वस्थ वळत वाहत असतां तिच्याखालची भूमि वर उचलली जाऊं लागली. नदीनें आपली वाट न सोडतां तींच वळणें खालीं खालीं कापीत नेलीं. तळाशीं दिसणारे थर तीस कोटि वर्षांपूर्वींच्या समुद्राचे आहेत. त्यांत शिंपले स्पष्ट दिसतात. दिवसभर सूर्य कधीं पाठीशीं, कधीं तोंडावर. सकाळीं ज्या सुळक्यास नमस्कार केला तोच दुपारीं दुसऱ्या बाजूनें पुन्हा भेटे. १८९२-९३ च्या सुमारास या वाळूंत सोनें आहे अशी आवई उठून शेंकडों लोक येथें धांवले. सोनें होतें, पण पिठासारखें बारीक. पाण्याबरोबरच निघून जाई. त्यांच्या हातीं दारिद्र्य आलें आणि कड्यांतून खालीं उतरणारी एक पायवाट मागें राहिली.

१९२१ सालीं सरकारी मोजणीचें पथक या घळईंतून गेलें. त्यांतील भूशास्त्रज्ञ ह्यू मायझर यांनीं या नदीच्या एका चमत्काराचें वर्णन करून ठेवलें आहे. पाणी भरपूर असतें तेव्हां तळची वाळूच लाटांसारखी रचली जाते व तिच्यावर पाण्याच्या उंच लाटा उठतात. त्या कांहीं मिनिटें जागच्या जागीं नाचतात आणि एकाएकीं नाहींशा होतात. आम्हांस त्यांचें दर्शन झालें नाहीं. त्यांना लागणारें पाणीच नदींत नव्हतें. पाण्याचे धावते उतार मात्र लागले. त्यांतला सर्वांत अवघड गव्हर्नमेंट रॅपिड पांचव्या दिवशीं आला. उतरून पाहिलें तर पाण्यापेक्षां दगडच अधिक. सौ. नें देवाचें नांव घेतलें, आम्हीं तोंड मिटून घेतलें, आणि चिरंजीवांनीं दोन दगडांमधून होडी अशी काढली कीं रबर घांसल्याचा आवाज तेवढा आला. वल्हें एकदांहि लागलें नाहीं. आम्ही "शाबास" म्हणालों. हा शब्द आम्हीं त्यांस शेवटचा केव्हां उच्चारला होता तें आठवेना.

त्याच रात्रीं आमच्या हातून दुसरा अपराध घडला. तहान लागली म्हणून अंधारांत उठलों, डब्यांतून पाणी घेतलें आणि झांकण फिरविलें. तें बसलें असें वाटलें. सकाळीं डबा आडवा पडलेला, आणि त्याच्याभोंवतालची वाळू काळसर ओली. पांच गॅलन पाणी वाळूनें पिऊन टाकलें होतें. कोणाच्या हातचें काम हें विचारण्याची गरज पडली नाहीं, कारण आमचा पितळी पेला तेथेंच होता. आम्हीं आपण होऊन सांगितलें. "असूं द्या बाबा, पुरेल," असें सूनबाई म्हणाल्या. सौ. नें कांहीं न बोलतां राहिलेले डबे हलवून पाहिले, आणि त्या क्षणापासून पाण्याची व्यवस्था आपल्याकडे घेतली.

तो दिवस पितृपंधरवड्यांतील पंचमीचा, आमच्या तीर्थरूपांच्या तिथीचा होता. सौ. नें घरूनच तीळ पुडींत बांधून आणले होते. आम्ही नदींत उतरलों. स्नानासाठीं बुडी मारावी तर पाणी पोटरीपर्यंत, म्हणून पालथें निजून अंग भिजविलें. उठलों तों सर्वांग गेरूनें सारवल्यासारखें तांबडें! दक्षिणेस तोंड करून उभे राहिलों तेव्हां समोर नवाहोंचा तट होता. ते लोकहि या नदीस पवित्र मानतात व आपल्या भूमीची उत्तरसीमा समजतात. वडिलांचें नांव घेऊन ओंजळींतून पाणी सोडलें. तें पाणी नव्हतेंच. रंगाचें पाणी होतें. वडिलांनीं आम्हांस कृष्णेंत पोहावयास शिकविलें तेव्हां तेहि "डावीकडे, डावीकडे" असेंच ओरडत असत, आणि आम्हीहि त्यांना कधीं उलट बोललों नाहीं. हें आम्हांस त्या क्षणीं आठवलें. मागें वळून पाहिलें तर चिरंजीव होडीचा दोर धरून गुडघाभर पाण्यांत मुकाट उभे होते. त्यांनीं पुढें होऊन विचारलें, "बाबा, मीं दिलें तर चालतें का?" बाप जिवंत असतां मुलानें तर्पण करावयाचें नसतें हें त्यांस आम्हीं सांगितलें. "बरें," म्हणून ते हंसले व होडी लोटावयास लागले.

ग्रँड गल्चच्या आसपास घळईचा रंगच पालटतो. खाली ग्लेन कॅनियन धरण आहे. १९६३ सालीं त्याचे दरवाजे बंद झाले व लेक पॉवेल हा विशाल जलाशय सांठूं लागला. १९८० सालीं तो प्रथम कांठोकांठ भरला, तेव्हां त्याची फुगोटी या घळईंत येथवर चढली होती. संथ पाण्यांत नदीनें आपला सारा गाळ टाकला. पुढें अवर्षणाचीं वर्षें आलीं, तलाव मागें हटला. गाळ कित्येक पुरुष खोल तसाच राहिला. आतां नदी त्या गाळाच्या पाठीवरून, पूर्वींचें पात्र कोठें होतें याची स्मृति नसल्याप्रमाणें, रुंद पसरून भटकते. दगडांत हजार फूट वाट कापणाऱ्या नदीस येथें वीतभर वाट सांपडत नाहीं! क्ले हिल्सच्या खालीं तर ती जुनें पात्र चुकून एका खडकाच्या कडेवर गेली आहे, आणि तेथें पूर्वीं नव्हता असा धबधबा झाला आहे. म्हणून क्ले हिल्सला बाहेर पडणें चुकलें तर पुढें सोय नाहीं.

सातव्या दिवशीं सकाळीं आठ मैल उरले होते. संध्याकाळीं चार उरले. दुपारपासून वारा घळईंतून वर, आमच्या तोंडावर येई आणि धार जेथें होती तेथूनहि होडी ढकलून देई. दर दहा मिनिटांनीं उतरावें, ओढावें, पुन्हा बसावें. पाय गाळांत मांडीपर्यंत जाई व बाहेर काढतांना जोडा आंतच राही. आम्ही होडी ओढण्यास खालीं उतरलों कीं होडी उचले, म्हणजे तिला रुतविणारें वजन कोणाचें याचा निर्णयहि तेथेंच होई. सौ. ला पुढें टोंकावर बसविलें होतें, कारण तिचें वजन थोडें. एका ठिकाणीं ती एकाएकीं म्हणाली, "अरे, तें बघ, तिथलें पाणी खरवसासारखें दिसतें आहे. बाकी सगळें सायीसारखें सुरकुतलेलें." चिरंजीवांनीं वल्हें मारलें. होडी तरंगली, आणि अर्धा मैल तरंगतच गेली. तेथून पुढें मार्ग सौ. नें सांगावा व त्यांनीं वल्हवावें असें सुरू झालें. चार वेळां ती चुकली, दहा वेळां बरोबर आली. एका दुफांट्याशीं चिरंजीव वल्हीं थांबवून आमच्याकडे वळले. "बाबा, तुम्हांला काय वाटतें?"

"मला कांहीं कळत नाहीं," आम्ही म्हणालों. "तुम्ही दोघे ठरवा."

हें वाक्य उच्चारावयास आम्हांस सहासष्ट वर्षें लागलीं.

अंधार पडला तेव्हां एका ओलसर दांड्यावर मुक्काम करणें भाग पडलें. सहा माणसांत दीड गॅलन पाणी होतें. आमच्या हातून सांडलेलें असतें तर चिंता नव्हती. सौ. नें डबा घेऊन प्रत्येकास एकेक पेला दिला व आम्हांस शेवटीं दिला, पण पूर्ण दिला. मग सूनबाईंनीं एका बालदींत नदीचें पाणी भरलें आणि सामानांतून एक पांढरा खडा काढला. "ही तर तुरटी!" सौ. उद्गारली. त्या पाण्यांत तुरटी फिरवीत दोघी चंद्राची वाट पाहत बसल्या. तासाभरानें बालदीच्या तळाशीं चार बोटें लाल चिखल बसला व वर निवळ पाणी आलें. तें चांगलें खळखळून उकळून सकाळीं प्यालों. चवीस मातीचा वास होता. आमच्या आजीच्या माठाचा असे तसा.

दुसऱ्या दिवशीं साडेदहाला क्ले हिल्स आलें. उजव्या कांठास एक उतार, एक पाटी, आणि आमची वाट पाहून रात्रभर तेथेंच गाडींत झोंपलेला चालक. त्याच्याजवळ थंड पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या संपल्यावर कोणी विशेष बोललें नाहीं. होड्यांतील हवा सोडली, चौकटी सुट्या केल्या, पेट्या व डबे चढविले. प्रत्येक वस्तूंतून तांबडा गाळ निघत होता. गाडीच्या टपावर सामान बांधण्याचा दोर चिरंजीवांनीं आमच्या हातीं दिला व घट्ट आवळावयास सांगितलें. आम्हीं सारी शक्ति लावून आवळला, दोन गांठी मारल्या. ते पलीकडून फिरून आले, गांठ एकवार ओढून पाहिली, आणि आमच्याकडे न पाहतां आणखी एक मारली.